दाराजवळचे पाय

२६ सप्टेंबर

आज बॅग भरली, उपसली आणि पुन्हा भरली. ताई पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, "अगं, लोक डोंगरावर दुर्बीण नेतात, कॅमेरा नेतात. तू कापूस आणि चिकटपट्टी घेऊन निघालीस." मी म्हटलं, टाचेला एकदा फोड आला की दुर्बिणीतून काही दिसत नाही, फक्त टाच दिसते. तिला पटलं नाही. तिला माझं काहीच पटत नाही. इस्पितळ सोडलं तेही नाही.

माझं अर्धं आयुष्य ड्रेसिंगच्या खोलीत गेलं. आता ही डोंगरवाटेच्या सहली काढणारी कंपनी. गेल्या वर्षी त्यांच्या तुकडीतला एक माणूस टाचेच्या फोडामुळे मागे राहिला, धुकं उतरलं, आणि तो सापडलाच नाही. बूट तेवढे सापडले. त्यानंतर कंपनीला सुचलं की तुकडीबरोबर पाय बघणारं कुणीतरी हवं. अट साधी आहे: जेवढे वर जातील तेवढे आपल्या पायांनी खाली आले पाहिजेत. पायाच्या दुखण्याने एक जरी मागे राहिला तरी मला घरी बसवतील. वाटाड्याला तर आधीच शेवटची संधी दिली आहे म्हणे. हे ऑफिसातल्या बाईंनी हळूच सांगितलं.

वाटाड्या तिथेच भेटला. पन्नाशीचा, उंच, बोलायला महाग. मी माझं सामान दाखवलं, तर एवढंच म्हणाला, "मी शेवटी चालतो. माझ्या मागे कुणी राहता कामा नये." वाटाड्या असून शेवटी! मला हसू आलं, पण त्याच्या तोंडाकडे बघून गिळलं.

२८ सप्टेंबर, पहिलं मुक्कामघर

सकाळी पायथ्याशी सगळ्यांना बाकावर बसवून माझं प्रवचन झालं. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. आत पातळ मोजा, वरून लोकरीचा. घासायचंच असेल तर मोजे एकमेकांवर घासू देत. जांघेत, काखेत आणि पिशवीचा पट्टा जिथे बसतो तिथे व्हॅसलीन. "जांघेत" म्हटल्यावर बँकेतून निवृत्त झालेले साहेब लालबुंद झाले. संध्याकाळी तेच साहेब पाय फाकवून चालत आले आणि व्हॅसलीनची डबी मागितली. बूट कोरे करकरीत घालून आलेत, खोक्यातून थेट पायात. धन्य!

बाकी तुकडी लहानशी. एक नणंद-भावजय आहेत. दोघी चढावर भांडतात आणि उतारावर अबोला धरतात. एक बेकरीवाला आहे. आयुष्यभर भट्टीपुढे उभं राहून त्याचे तळवे सपाट झालेत, पण कुरकुर नाही. सर्वांत पुढे वाटाड्याची भाची चालते. तिशीची, चुणचुणीत, मला पहिल्याच तासात मावशी म्हणायला लागली. भाची पुढे, मामा मागे, मधे आम्ही.

मुक्कामघर दगडी, बसकं. एका भिंतीला लागून फळ्यांचा लांब ओटा, त्याला कडेने जाड ब्लँकेटचा पडदा. इथली रीत मला फार आवडली. चहा झाला की भाचीचं सूप होईपर्यंत बाकी सगळ्यांनी ओट्यावर आडवं व्हायचं, डोकी आत उबेत आणि पाय पडद्याखालून बाहेर. पायांना वारा लागतो आणि सूज उतरते. मी घमेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय बघत जायचं. तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे लाजही नाही. दिवसभर थकलेले, बहुतेक घोरतच असतात.

शेवटचे पाय दाराजवळ होते, जिथे फटीतून वारा येतो. उजवा ठीक. डावी टाच पाहून मात्र माझ्या तोंडून "अगं आई" निघालं. फोड फुटून कातडी एका बाजूला लोंबत होती. कडा पांढऱ्याफटक, भिजून सुरकुतलेल्या. जखमेत काळी बारीक खडी. हा आजचा फोड नव्हे. कित्येक दिवस अंगावर काढलेला.

वाटाड्याची पिशवी तिथेच दाराशी टेकवलेली होती. म्हणजे स्वारी ही! दिवसभर तोऱ्यात, आणि टाचेचं हे असं. चारचौघांत मागायची लाज वाटली असणार. मीही काही बोलले नाही. कोमट पाण्याने धुतलं, खडी एकेक करून काढली, मलम लावलं, गॉज ठेवून पट्टी बांधली. एवढं चुरचुरणारं औषध, पण पाय जरासुद्धा ओढून घेतला नाही. पाय बर्फासारखे गार मात्र. घमेल्यातलं पाणी बघता बघता निवलं.

३० सप्टेंबर, दुसरं मुक्कामघर

साहेबांच्या करंगळीला फोड. त्यांनी तो स्वतःच टाचणीने फोडून कातडी ओढून काढली होती. चांगली खरडपट्टी काढली. कातडी हीच मूळची पट्टी, ती फेकून माझ्याकडे दुसरी मागता? फोड फारच टम्म झाला तरच सुई तापवून कडेला भोक पाडायचं, पाणी दाबून काढायचं, कातडी जिथल्या तिथे राहू द्यायची. भावजयीने कापसाचे मोजे घातले होते. घाम धरून बसतात, तळवे शिजल्यासारखे झालेले. नणंद पडद्याआडून म्हणाली, "मी सांगितलं तर ऐकेल कशी?"

वाटाड्याच्या चालण्याकडे आज मुद्दाम लक्ष ठेवलं. जराही लंगडत नाही. अशी टाच घेऊन! मनात म्हटलं, काय सोसणारा माणूस आहे. पाणी प्यायला थांबलो तेव्हा जवळ जाऊन हळूच म्हटलं, "टाचांची काळजी घेत जा हो." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. मग मान वळवून मागच्या वाटेकडे बघत राहिला.

संध्याकाळी टाचेत पुन्हा तीच काळी खडी. मी सारखी विचार करतेय, आमची वाट तर पांढऱ्या मातीची आहे.

२ ऑक्टोबर

दिवसभर धुकं. पुढच्याची पिशवी तेवढी दिसायची. भाची दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि सगळ्यात मागून मामाची ओ यायची. एकदा ती ओ यायला उशीर झाला तर भाचीचं तोंड उतरलं.

दाराजवळची टाच सुधारतेय. कडा गुलाबी व्हायला लागल्यात. इतक्या वर्षांत इतक्या लवकर भरणारी जखम पाहिली नाही. आज धुताना मी कुजबुजत रागावले, "उद्यापासून मोजे बदलत जा. ओले मोजे कुणाचे सख्खे नसतात." त्या पायाची बोटं किंचित हलली. एवढंच. पण मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मी आता सगळे पाय भराभर उरकते आणि दाराजवळ जास्त वेळ बसते.

४ ऑक्टोबर, उंचावरचं मुक्कामघर

काल संध्याकाळी माझे स्वतःचे जाड लोकरीचे मोजे वाटाड्यांच्या पायात चढवले. कुणासाठी असं काही केल्याला किती वर्षं झाली. सकाळी आशेने बघितलं तर त्यांच्या बुटातून त्यांचे तेच जुने राखाडी मोजे दिसत होते. आभाराचा शब्द नाही. ठीक आहे. माणूस लाजाळू आहे, मीच उतावळी.

वाटेत त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला मागून काही ऐकू येतं का?" मी म्हटलं, साहेबांचं कण्हणं येतं, पण ते पुढून. हसले नाहीत.

५ ऑक्टोबर

आज इतकी फजिती झाली की लिहितानाही कान तापतायत.

दुपारी ऊन पडलं. ओढ्यापाशी थांबलो, आणि माझ्या नियमाप्रमाणे सगळ्यांनी बूट काढून पाय वाळवायला ठेवले. वाटाड्यानेही काढले. माझी कारागिरी एकदा उजेडात बघावी म्हणून मी जवळ गेले. रुंद, चपटे पाय. टाचांवर घट्टे पडून पडून त्यांचा दगड झालेला. फोड सोडा, ओरखडासुद्धा नाही. डाव्या पायाची दोन बोटं अर्धीच; जुना हिमदंश.

"पट्टी कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली पट्टी?"

मी काहीतरी पुटपुटले आणि तिथून पळ काढला. म्हणजे इतके दिवस मी कुणाला लाडीगोडी लावत होते? माझे मोजे कुणाच्या पायात गेले?

भाची बाटल्या भरत होती. तिला आडून विचारलं, संध्याकाळी पायांच्या वेळेला मामा कुठे असतो. म्हणाली, "मामा होय? सूप होईपर्यंत तो घरात पाऊल ठेवत नाही, मावशी. आलेल्या वाटेवर थोडं मागे जाऊन उभा राहतो. गेल्या वर्षापासून तसंच करतो. ओट्यावर तर झोपतच नाही, चुलीपाशी झोपतो."

मग दाराजवळ कोण? सारा रस्ता डोकं लढवलं. शेवटी उलगडा झाला. कुणीतरी एकटा वाटसरू आमच्या मागोमाग येतोय. पैसे न भरता आमच्या मुक्कामघरात शिरतो, अंधारून यायच्या सुमाराला गुपचूप ओट्यावर पडतो, पहाटे आमच्याआधी निघतो. फुकट्या! आणि वर माझ्याकडून सेवा करून घेतो. संध्याकाळी ठरवलं होतं की पडदा सारून चांगलं खडसवायचं. पण घमेलं घेऊन बसले आणि ती भरत आलेली टाच समोर आली, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. त्याने माझे मोजे घडी करून शेजारी ठेवले होते. एकदम कोरडे, घामाचा डाग नाही की मातीचा कण नाही.

पडदा सारला नाही. बाकीच्यांपुढे तो त्यांच्या श्वासाबरोबर किंचित हलतो. तिथे हलत नव्हता. ब्लँकेट जाड आहे म्हणा.

६ ऑक्टोबर

वाटाड्याला सांगणं भागच होतं. तुकडीच्या मागे परका माणूस चालत असेल तर ती त्याची जबाबदारी. चहा पिताना त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, माझी फजिती तेवढी वगळून.

"कुठला पाय?" त्याने विचारलं.

"डावा. टाच."

तो तिथल्या दगडावर बसला. कपातला चहा मांडीवर सांडला तरी त्याला कळलं नाही. "कशी आहे आता?"

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, आली तेव्हा बघवत नव्हती, पण आता नवी कातडी धरली आहे. अजून एकदा व्यवस्थित बांधली की झालं. "तुमच्या बरोबरीने चालेल तो. धावेलसुद्धा."

तो मागच्या वाटेकडे वळला. मग बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. "गेल्या वर्षी त्याने थोडं थांबा म्हटलं होतं. मी म्हटलं, हळूहळू येत राहा, बाकीच्यांना खिंडीपार सोडतो आणि परत येतो. परत आलो तर नुसते बूट. तेव्हापासून दर खेपेला मागून पावलं येतात. एक टेकतं, एक फरफटतं. लंगडणारा माणूस मला गाठू शकत नाही, एवढ्याच भरवशावर मी हा डोंगर चढतोय, ताई." त्याने कप खाली ठेवला. "परवापासून फरफट ऐकू येत नाही."

मला त्याची फार दया आली. खंत मनात धरून बसलं की कानही खोटं सांगायला लागतात. इस्पितळात असे खूप पाहिले. मी समजावलं, अहो, कुणीतरी फुकट्या आहे, पायाला हात लावलाय मी, चांगला हाडामासाचा आहे.

"गार आहे का?"

"डोंगरावर सगळ्यांचेच असतात."

तो उठला. "आज त्याच्या पायाला हात लावू नका. हात जोडतो तुम्हाला." आणि खरंच त्याने हात जोडले. एवढा मोठा माणूस! मी बरं म्हटलं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी

साहेब झाले, नणंद झाली, भावजय झाली, बेकरीवाला झाला. घमेलं उचलून चुलीकडे निघाले होते. दाराजवळ बघायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं.

पाय बाहेर आले होते. डावा थोडा पुढे सरकवलेला, दवाखान्यात नेहमीचा पेशंट सवयीने पुढे करतो तसा.

मी काय करायला हवं होतं? कुणाच्या मनात काहीबाही आहे म्हणून समोर आलेली जखम अर्धवट टाकायची? उद्याचा उतार सगळ्यात वाईट. उतारावर भरत आलेली जखम पुन्हा उकलते. मी बसले. गरम पाणी घेतलं, ते हातातच निवलं. दुसरं घेतलं, तेही निवलं. टाच छान भरली होती. आत जरा व्हॅसलीन, वर गॉज, मग पट्टी, कुठे सुरकुती नाही, कुठे कडा उचललेली नाही. इतकी सुबक पट्टी मी आयुष्यात बांधली नसेन. नाडी उतारावर कशी बांधायची, घोट्यापाशी फास देऊन, म्हणजे पाय पुढे घसरत नाही, तेही हळू आवाजात सांगितलं. मग लक्षात आलं की याच्या पायात बूट मी कधी पाहिलेच नाहीत.

"कोण आहात तुम्ही?" मी विचारलं. त्याने टाच माझ्या तळहातावर दाबली, चांगली जोर देऊन. दुखणं गेलं की पेशंट असंच दाबून दाखवतात. माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला आणि मला एकदम भीती वाटली. घमेलं तिथेच टाकून चुलीपाशी आले.

दार उघडून वाटाड्या आत आला. त्याने घमेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कढईतलं सूप ढवळायला लागले.

८ ऑक्टोबर, पायथा

काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी धुकं होतं. उताराची वाट वळणावळणाची, वरचं वळण खालून दिसतं. निघताना वाटाड्या भाचीला म्हणाला, "पुढे बघून चाल. हाक मारू नकोस." तिने कारण विचारलं तर तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. माझ्याशी बोलला नाही. मी काय केलं ते त्याला कळलं होतं.

दुपारी धुकं जरा फाटलं. मी साहेबांची नाडी बांधायला वाकले होते. उठून वर बघितलं तर वरच्या वळणावर वाटाड्या दिसला, आणि त्याच्या शेजारी दुसरा एक जण. अगदी खांद्याला खांदा लावून. मला हायसं वाटलं. म्हटलं, आला एकदाचा फुकट्या उघड्यावर, मिटलं सगळं. तो माझा पेशंट हे मी चालीवरूनच ओळखलं. काय सुरेख पावलं टाकत होता! डावी टाच पूर्ण टेकवत होता. वाटाड्याही त्याच्या पावलाला पाऊल मिळवून चालत होता. मी हात हलवला. वाटाड्याने बघितलं. त्याने हात वर केला नाही. मग दोघं फाट्यावर खालची वाट सोडून कड्याच्या वाटेला लागले. मला वाटलं, त्याला त्याच्या गावाच्या बाजूला सोडायला गेला असेल.

साहेबांना म्हटलं, ते बघा. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. "एकटाच आहे की हो," म्हणाले. त्यांचा चष्मा जुना आहे.

संध्याकाळपर्यंत सगळे खाली उतरलो. वाटाड्या आला नाही. भाचीने रस्त्यावर उभं राहून इतक्या हाका मारल्या की तिचा आवाज बसला. वरून कुणी ओ दिली नाही. आज सकाळी शोधायला माणसं गेली. कड्याच्या वाटेवर पावलं पुष्कळ सापडली, म्हणतात, पण एकाच माणसाची.

१९ ऑक्टोबर, घरी

कंपनीच्या बाई येऊन गेल्या. शोध थांबवला आहे. वाटाड्याचा दोष धरायचा की नाही यावर त्यांच्यात खल चाललाय. माझा मात्र काही दोष नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तुकडीतला एकही माणूस पायांमुळे मागे राहिला नाही. वसंतात नवी तुकडी निघेल तेव्हा मीच हवी, म्हणाल्या. ताईने पहिल्यांदाच माझ्यासमोर चहाबरोबर बिस्किटं ठेवली.

मी त्यांना दोघांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, चेहरा ओळखायला मी चुकेन, चाल ओळखायला चुकणार नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

रात्री जेवताना रडू आलं. ताई विचारत राहिली, कुणासाठी? मला सांगता येईना. खरं तर मला तो आवडला होता. ज्याचा पाय मी हातात धरत होते तो आवडला होता की मागे चालणारा, हे आता माझं मलाच समजत नाही.

२३ ऑक्टोबर

आज भाची आली. खूप वाळली आहे. पुढच्या तुकडीला तीच वाटाडी. तिने ठरवलंय की तीही शेवटी चालणार.

उंबऱ्यात उभं राहूनच तिने विचारलं, "मावशी, एक खरं सांगाल? उतरायच्या आदल्या दिवशी मामाने मला सांगितलं होतं, त्याच्या पायाला हात लावू नका असं मी ताईंना म्हटलंय, म्हणून. तुम्ही हात लावला नव्हता ना?"

"नाही गं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी परवा एकटीच वर जाऊन आले. वाट बघायला. परत येताना मागून पावलं येत होती. दोघांची. मावशी, त्यांच्यातलं कुणीच लंगडत नव्हतं."

मी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. तिने बूट काढले. डाव्या टाचेला बोराएवढा फोड आला होता. मी पाणी गरम करायला ठेवलं. तिचा पाय मांडीवर घेतला तेव्हा तो उबदार होता, आणि मला इतकं रडू फुटलं की तीच माझी समजूत घालत बसली.